खाऊन राह्यलो, ताबेते इरु

जपानी शिकायचं असेल तर आधी इंग्रजी यावं लागतं, हे कोणी सांगतच नाही. अॅप फुकट आहेत, व्हिडिओ ढिगानं आहेत, शब्दांचे तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, मिळतात, व्याकरणाचे 'रिकाम्या जागा भरा'वाले अॅप पण आहेत, पण सगळीकडे वर जपानी वाक्य, खाली त्याचं इंग्रजी आणि त्याखाली इंग्रजीतच समजावलेलं व्याकरण. माझं शिक्षण मराठी मीडियमचं, जिल्हा परिषदेची शाळा आणि मग दारव्ह्याचं कॉलेज. इंग्रजी वाचता येतं, कळतं पण, फक्त मनातल्या मनात एकदा मराठी करून घ्यावं लागतं तेव्हा कळतं. म्हणजे पहिले काही महिने मी एकाच वेळी दोन भाषांशी झटत होते आणि दोष सगळा जपानीला देत होते.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, केवायसी, पीक विमा, जे ऑनलाइन असेल ते सगळं. या धंद्यात बोटांना काम कमी आणि बसून राहणं जास्त. सर्व्हर डाऊन असला की बाकड्यावर पाच-सहा माणसं बसलेली, मी खुर्चीत बसलेली, स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चक्र, आणि कोणाच्याच हातात काही नाही. मोबाईलवर सासू-सुनांच्या रील पाहायच्या नाहीतर काहीतरी दुसरं करायचं. माझं दुसरं म्हणजे जपानी.

सुरुवात मी केलीच नव्हती. पुतण्यानं केली. आयटीआय झालेला, कुठून तरी ऐकून आला की जपानला कामाला माणसं पाहिजेत, शेतीत, म्हाताऱ्यांच्या देखभालीत, कारखान्यात. त्यात तथ्य आहे, 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' नावाचा व्हिसा एप्रिल २०१९ पासून सुरू झाला, त्याला जपानीची परीक्षा लागते, जेएलपीटी नावाच्या परीक्षेची एन-फोर पातळी किंवा जेएफटी-बेसिक, आणि शिवाय त्या त्या कामाची वेगळी परीक्षा. तर यानं माझ्या कॉम्प्युटरवर सगळं डाउनलोड करून ठेवलं, हिरागाना पाठ केली, आणि काताकाना आल्याबरोबर म्हणाला, "काकू, एका भाषेले दोन-दोन बाराखड्या कायले पाहिजे वो?" आणि गेला चाकणला. फाइली माझ्याकडे राहिल्या. (गावातली पोरं अजून विचारायला येतात, त्यांना एकच सांगते, आधी परीक्षा पास व्हा मग एजंटला फोन करा, उलटं करू नका.)

आता बाराखडीचं म्हणाल तर मला ती उलट ओळखीची वाटली. जपानीत अक्षरांचा क्रम आहे अ, इ, उ, ए, ओ, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हे म्हणून पाहा मोठ्यानं. क, च, त, न, प, म, य, र, व, आपलीच वर्णमाला आहे, फक्त मधले मधले डबे काढलेले. 'च'च्या जागी सा आणि 'प'च्या जागी हा कसा आला म्हणाल, तर 'हा'चा उच्चार फार पूर्वी 'पा' होता आणि 'सा'चा 'च'च्या जवळपासचा. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृतच्या अभ्यासातून तिकडे गेला, सिद्धम नावाची आपल्याकडची जुनी लिपी जपानमधल्या काही मठांमध्ये आजही मंत्र लिहायला वापरतात. तसं विदर्भाला जपान काही परका नाही. भदंत सुरेई ससाई मूळचे जपानचे, नागपुरात राहून त्यांचं अख्खं आयुष्य गेलं, आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये नोरिको ओगावा या जपानी बाईंच्या देणगीतून उभं राहिलं. आमच्या गावातून दर वर्षी दीक्षाभूमीला जाणारी गाडी कामठी करूनच परत येते. त्यामुळे मी जपानी शिकते हे कळल्यावर बौद्धवाड्यातल्या बायांना काही विशेष वाटलं नाही, नवल वाटलं ते माझ्या माहेरच्यांना.

शब्दांसाठी मी अंकी नावाचा अॅप वापरते. प्रकार साधा आहे, पत्ते असतात, पुढं प्रश्न मागं उत्तर, आठवलं की नाही ते आपणच सांगायचं, त्यासाठी चार बटणं, अगेन, हार्ड, गुड, ईझी. आठवलं तर ते कार्ड काही दिवसांनी येतं, मग आठवड्यांनी, मग महिन्यांनी, नाही आठवलं तर त्याच दिवशी परत दारात. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं काहीच अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून करून आपण स्वतः किती वेळात किती विसरतो याचा हिशोब मांडला आणि १८८५ मध्ये छापला, सुरुवातीला माणूस भराभर विसरतो आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो, त्याच्यावरच हे सगळं उभं आहे. अंकी डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये काढलं. अँड्रॉइडवर फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. नेटशिवाय चालतं याची किंमत ज्याच्या गावात टॉवरची बॅटरी लाइट गेल्यावर अर्ध्या तासात मान टाकते त्यालाच कळेल.

त्याची वाईट गोष्ट एकच, ते माफ करत नाही. जुलैचा शेवट म्हणजे खरिपाच्या विम्याची गर्दी, २०२३ ला एक रुपयात विमा आला तेव्हा तर रात्री अकरापर्यंत शटर उघडं होतं, अशा दिवसांत मोबाईल हातात घेणार कोण, आणि मग ऑगस्टमध्ये उघडलं की शेकडो कार्डं साचून बसलेली. लोक इथंच सोडतात. मी नवीन कार्ड बंद करून टाकते आणि जुनी संपेपर्यंत रोज थोडी थोडी काढते, निंदणासारखं.

पण शब्दांचं ठीक होतं, अडलं ते व्याकरणात. व्याकरणाचा अॅप एक वाक्य दाखवायचा, त्यात रिकामी जागा, खाली इंग्रजीत सूचना, की अमुक पार्टिकल हे सब्जेक्ट मार्कर, तमुक फॉर्म प्रोग्रेसिव्ह किंवा रिझल्टंट स्टेट. मी वाचायची, मान डोलवायची, आणि चुकायची.

तर एका दुपारी आमच्या आळीतले एक आबाजी केवायसीला आलेले. आधार नंबर टाकला, ओटीपी पाठवला, म्हटलं आबाजी मोबाईल पाहा, नंबर आला असेल. आबाजींनी बंडीचे दोन्ही खिसे चाचपले, मग पिशवी चाचपली, मग म्हणाले, "नातवानं घेऊन देल्लेला मोबाईल घरीच ठेवून आलो न वो सूनबाई. थांब, जाऊन घेऊन येतो." आणि काठी घेऊन निघाले. माझ्यासमोर मोबाईलवर नेमकं त्याच धाटणीचं एक कार्ड उघडं होतं. मी आबाजींचं वाक्य तसंच्या तसं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता जपानीत टाकून पाहिलं. नातवानं, मागो गा. घेऊन देल्लेला, कात्ते कुरेता. मोबाईल, केइताइ ओ. घरी, इए नि. ठेवून आलो, ओइते किता. जाऊन, इत्ते. घेऊन येतो, तोत्ते कुरु.

बसलं. सगळं बसलं. हेच वाक्य इंग्रजीत करायला गेलं की आधी 'मी', मग ठेवलं, मग मोबाईल, मग 'जो की', मग नातू, म्हणजे आबाजी गावाला उलटी प्रदक्षिणा घालून घरी पोचणार. जपानीत ते सरळ आपल्या गल्लीनं गेले. विशेषण नामाच्या आधी, क्रियापद शेवटी, विभक्तीचा प्रत्यय शब्दाच्या मागं चिकटलेला, हे तर मराठीसारखं आहे असं सगळेच सांगतात. पण 'ठेवून आलो' हे 'ठेवून' आणि 'आलो' असं दोन तुकड्यांत तिकडे पण आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणारे सगळे इंग्रजीत सांगत होते आणि इंग्रजीत ही सोयच नाही.

त्या दिवसापासून मी कार्डाच्या मागची इंग्रजी पुसायला घेतली. आणि तिथं प्रमाण मराठी नाही लिहिली, घरची वऱ्हाडी लिहिली.

मग तर रांगच लागली. ताबेते मिरु, मिरु म्हणजे पाहणं, खाऊन पाह्य. ताइते ओकु, ओकु म्हणजे ठेवणं, भात शिजवून ठेव. वासुरेते शिमात्ता, विसरून गेलो. मोत्ते इकु, घेऊन जा. इत्ते मो इइ, गेलं तरी चालते, यात 'मो' म्हणजे तंतोतंत आपला 'तरी' आणि 'इइ' म्हणजे चालते, बरं आहे. घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो इत्तेकिमासु, म्हणजे जाऊन येतो, आणि घरातले म्हणतात इत्तेराश्शाइ, जाऊन ये. इंग्रजी पुस्तकात यावर अर्धा परिच्छेद आहे. आमच्या सासूबाईंना निघताना 'जातो' म्हटलेलं आजही चालत नाही, त्यांना परिच्छेद लागला नसता.

'आवडणं' घ्या. इंग्रजीवाल्यांना हे फार छळतं की 'मला आंबा आवडतो' या वाक्यात जपानी माणूस आंब्याला 'गा' का लावतो, 'गा' तर कर्त्याला लागतो, आणि आवडून घेणारा तर मी आहे. अहो मले आंबा आवडते, यात कर्ता आंबाच आहे, मी कुठं काय करून राह्यली? पाणी पाहिजे, समजते, दिसते, ऐकू येते, सगळ्यांचं तसंच. ज्या पानावर बाकीचे लोक आठवडा घालवतात ते पान मी चहा गार व्हायच्या आत उलटलं, आणि हो, त्याचा मला थोडा माज आहे.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. ताबेते इरु. 'खात आहे' या अर्थाचं रूप. ताबेते म्हणजे खाऊन, इरु म्हणजे असणं, राहणं, जित्या माणसा-जनावराचं असणं. मुलगी टोकियोत राहते, असते, तर तिथंही इरु. आता 'खाऊन' अधिक 'राहणं' हे पुस्तकी मराठीत होत नाही, तिथं 'खात आहे', 'खातोय'. आमच्याकडे मात्र 'खाऊन राह्यलो'. हेच 'करून राह्यलो, येऊन राह्यलो' माझ्या नणंदेनं हिंजवडीच्या ऑफिसात म्हटलं तर पोरी हसल्या होत्या, खाऊन झालं ना मग राहिलं काय म्हणून. तेव्हापासून ती तिकडे जपून बोलते. तिला मी फोन करून सांगितलं की बाई, तुझ्या ऑफिसच्या मराठीपेक्षा तुझी वऱ्हाडी जपानीच्या जवळची आहे. ती म्हणाली, "हे मी त्याहिले सांगू कसं?" ते मलाही माहीत नाही पण सांगावं असं माझं मत आहे. हसायला कारण असतं तर ठीक, पण सव्वाबारा कोटी लोकांची भाषा ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं आमची गेली असेल तर त्यात अडाणी काय आहे.

मात्र हे सगळीकडे चालत नाही, आणि न चालण्याची जागाच जास्त शिकवते. केक्कोन शिते इरु, शब्दाला शब्द ठेवला तर 'लग्न करून राह्यला'. आपल्याकडे याचा अर्थ मंडपात अक्षता पडून राहिल्या आहेत. जपानीत याचा अर्थ लग्न झालेलं आहे, दोन पोरं असतील. तसंच शिंदे इरु (आडनावाच्या लोकांनी मनाला लावून घेऊ नये), याचा अर्थ मरून राह्यला नाही, मेलेला आहे. म्हणजे क्रियापद जर एका क्षणात होऊन जाणारं असेल, मरणं, लग्न होणं, बसणं, पडणं, तर इरु त्याच्या नंतरची स्थिती सांगतो. मग मी पाहिलं की यासाठीही घरात शब्द आहे, 'बसून आहे', 'पडून आहे', 'रुसून आहे'. आपण दोन कामाला दोन माणसं ठेवली, राह्यला आणि आहे, जपानीनं एकाच माणसाकडून दोन्ही करून घेतली. माझ्या डेकमध्ये आता इरुच्या प्रत्येक कार्डामागं दोनपैकी एक लिहिलेलं असतं, आणि व्याकरणाच्या अॅपमध्ये ती रिकामी जागा आली की मी 'प्रोग्रेसिव्ह' की 'रिझल्टंट' असा विचार न करता सरळ बोलून पाहते, कानाला जे खटकलं नाही ते.

जिथं वऱ्हाडी हात वर करते अशा जागा पण आहेत. 'वा' (ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला लागणारा प्रत्यय) आणि 'गा' यांतला फरक, कधी 'तर' घालून जमतो, कधी अजिबात नाही. देणं, आपण सगळ्यांना एकच 'देऊन' वापरतो, जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर आगेरु आणि दुसऱ्यानं मला दिलं तर कुरेरु, म्हणून नातवानं घेऊन दिलेल्या मोबाईलला कुरेताच पाहिजे, आगेता म्हटलं तर नातू आबाजींचा राहत नाही. आणि आदराची भाषा, केइगो. खाणं हे साधं ताबेरु, समोरच्या मोठ्या माणसाचं खाणं मेशिआगारु, त्याच्यापुढं आपलं खाणं इतादाकु. इकडे गड्याला 'गा', बाईला 'वो', सासऱ्यासमोर पदर, एवढ्यात आमचं भागतं. केइगोच्या कार्डामागं मी नाइलाजानं दूरदर्शनच्या बातम्यांसारखी मराठी लिहिली आहे.

आकड्यांचं मात्र सुख. एकोणपन्नास म्हणजे योंज्यूक्यू, चार-दहा-नऊ, संपलं. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तर विधानसभेपर्यंत गोंधळ झाला होता. पुढं गेलं की मग कळतं की त्यांनी वचपा दुसरीकडे काढलाय, वस्तू मोजताना. लांबुळकी वस्तू असेल तर इप्पोन, निहोन, सान्बोन, म्हणजे प्रत्यय एकच आहे 'होन' पण आकड्यागणिक पोन, होन, बोन होतो. कागद वेगळे, बैल वेगळे, कोंबड्या वेगळ्या. कपाशीच्या पऱ्हाट्या मोजायच्या तर होन, आणि त्या ओढणाऱ्या बैलांना तो, इत्तो, नितो.

पऱ्हाटीवरून आठवलं. कान्जींची, म्हणजे एकेका शब्दाच्या चित्रासारख्या अक्षरांची, सरकारी यादी २,१३६ ची आहे, त्यातली मला थोडीच येतात, पण दोन अशी आहेत की ती मी पाठ केलीच नाही. शेताला दोन वेगळे शब्द आहेत. एक ता, चौकोन आणि त्यात अधिकाचं चिन्ह, म्हणजे चार बांध्या आणि मधले धुरे, हे धानाचं, पाण्याचं शेत, भंडारा-गोंदियावाल्यांचं. दुसरं हाताके, कोरडवाहू, ते लिहायला त्याच चौकोनाच्या डाव्या बाजूला आगीचं चिन्ह काढायचं. हे दुसरं अक्षर चीनमधून आलेलं नाही, जपानमध्येच बनवलेलं आहे, पूर्वी रान जाळून जमीन पेरायचे त्यावरून. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मे महिना होता, दुकानाच्या मागच्या वावरात पऱ्हाट्या आणि धसकटं पेटवलेली, काळी राख उडून माझ्या कीबोर्डवर. अंकीनं विचारलं हे काय, मी ईझी दाबलं.

परीक्षेबद्दल थोडक्यात. जेएलपीटी जुलैत आणि डिसेंबरात असते. जुलैत विमा, म्हणून माझ्यासाठी डिसेंबर, कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत तेव्हा. एन-फाइव्हला, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीला, १८० पैकी ८० लागतात, शिवाय ऐकण्याच्या भागात वेगळे किमान १९. सगळं गोल काळे करायचं, बोलणं नाही, लिहिणं नाही. म्हणून ज्याला नुसतं सर्टिफिकेट पाहिजे तो न बोलता पास होतो, आणि तिथं जाऊन मालकानं काही विचारलं की उभा राहतो. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेले, पेपर दिला, पास झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हॉलमध्ये सगळी पोरं विशीतली, शेजारच्या मुलीनं मला पर्यवेक्षक समजून कॅल्क्युलेटर आत चालतो का विचारलं, एवढंच.

आता एन-फोरचं व्याकरण चालू आहे आणि एका कार्डापाशी गाडी अडली आहे. जपानीत एक कर्मणी प्रयोग आहे जो अकर्मक क्रियापदाला पण लागतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ होतो की झालं ते दुसऱ्याकडून पण निस्तरावं मला लागलं. पोरगं रडलं आणि ताप मला झाला. अमे नि फुरारेता, पाऊस पडला आणि तो मला भोवला. 'पावसानं गाठलं' लिहिलं तर रस्त्यात भिजल्यासारखं वाटतं, 'पावसानं घात केला' लिहिलं तर सोयाबीन गेल्यासारखं. बाकड्यावर बसलेल्यांना विचारलं, की पाऊस आला आणि त्यापायी तुमचं नुकसान झालं, नुकसानाचं नाव न घेता एका वाक्यात कसं सांगाल. एक जण म्हणाला, "आला न बाप्पा आमच्यावर." दुसरा म्हणाला, असं नाही, "पाऊस लागला आपल्याले" असं म्हणतात. तिसऱ्यानं विचारलं की पंचनामा झाला का. मी पहिली दोन्ही लिहून ठेवली आहेत, कार्ड रोज येतं, आणि रोज मी त्यातलं वेगळं वाक्य बरोबर धरते.